मधल्या खोलीतली चारशे बारा खेळणी

माझा जन्म पिंपळगाव रेणुकाईचा, भोकरदन तालुक्यातला. आमची मेंढरं होती, शेती नावाला. आमचा बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, शाळेत गेलेला न्हाई पण मोजण्यात असा पक्का की काय सांगू तुम्हाला, संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात शिरताना तो तोंडाशी उभा राह्यचा आन् एकेकीच्या पाठीवर हात ठेवत मोजायचा, वीस झाली की म्हणायचा विमल, खडा, आन् मी फ्रॉकच्या ओच्यात एक खडा टाकायचे. सात खडे आन् वर तेरा, म्हंजे एकशे त्रेपन्न. शाळेत पाढे शिकायच्या आधी मला हे येत होतं. आबाचा एक नियम होता, पुढं त्याचं काम पडणार हाये म्हणून आत्ताच सांगून ठेवते. एक कमी आलं तर आरडायचं न्हाई, गप पुन्हा मोजायचं. आरडलं की मेंढरं बिथरतात आन् ज्याची चूक असती तो लपवायला लागतो. आबा म्हणायचा, कमी आलेलं बहुतेक येळा लांब गेलेलं नसतं, कुठंतरी आडोशाला उभं असतं.

लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, परतूरकडं दिलं होतं. दोन वर्षं चार महिने राह्यले. लेकरू झालं न्हाई, मंग त्यांनी दुसरी केली, भांडण न्हाई का तंटा न्हाई, एक दिवस आबा आला आन् म्हणला चल, आन् मी पेटी घेऊन आले. तेवढंच हाये ते. त्याच्यावर तुम्ही पण जास्त लिहू नका.

मंग गावात राह्यले पाच-सहा वर्षं, आन् भाऊ जालन्याला कामाला लागला तशी त्याच्यासंगं आले. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, ज्ञानू, लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टमधी जातो. मी बियाण्याच्या कंपनीत लागले, आधी बी निवडायला, मंग माझं मोजणं पाहून सायबानं तपासणीच्या खोलीत घेतलं. तेवीस वर्षं झाली. काम काय, तर प्रत्येक लॉटमधून चारशे बी घ्यायचं, शंभर-शंभरचे चार भाग, ओल्या कागदावर ओळीत मांडायचं, कागद गुंडाळून गरम खोलीत ठेवायचं, आन् ठरलेल्या दिवशी उघडून मोजायचं, किती उगवलं. रजिस्टरमधी मुख्य खाने तीन. पह्यला उगवलेलं, दुसरा मेलेलं, आन् तिसरा कडक. कडक म्हंजे मुगात, भेंडीत असं बी असतं की त्याच्या सालीत पाणीच शिरत न्हाई, दिवस भरले तरी तसंच्या तसं पडलेलं असतं, पण ते मेलेलं नसतं. नव्या पोरी त्याला मेल्यात टाकतात. मी त्यांना सांगते, बाई गं, बोटानं दाबून पाह्य, मेलेलं मऊ पडतं, हे टणक हाये, ह्याला फक्त जास्त दिवस पाह्यजेत. तेवीस वर्षांत मी एक बी इकडचं तिकडं केलं न्हाई. एका बियापायी लॉट नापास झाला तरी न्हाई. हे मी बढाई म्हणून सांगून न्हाई राह्यले, पुढं जे मी केलं ते तुम्हाला नीट समजावं म्हणून सांगून राह्यले.

घर जुन्या जालन्यात. ही बसलो ती मधली खोली, माझी. पुढची ज्ञानूची आन् लेकरांची, मागं सैपाकघर. माझी म्हणायची, पण पुढून मागं जायचं तर हिच्यातूनच जावं लागतं, रस्ताच हाये हा. भावजय सुनंदा, एका शाळेत क्लार्क हाये, सकाळी दहाला जाती ती सहाला येती, चांगली हाये, तोंडानं फटकळ हाये पण पोटात काही ठेवत न्हाई. लेकरं तीन. सई नऊ वर्षांची, वेदांत सहाचा, आन् शंभू तीनचा, त्याला शेजारची मावशी सांभाळती. सगळ्यांची मी आत्या.

आता खेळण्यांचं सांगते. आमच्याकडं कुणी खेळणं विकत आणत न्हाई, विचारा कुणालाही, आन् खेळणी येतच राहतात. मामा आला की एक, वाढदिवसाला आठ-दहा, जत्रेतून तीन, बिस्किटाच्या पुड्यातून, दुधाच्या पावडरीच्या डब्यावर, शेजाऱ्याचं पोरगं मोठं झालं म्हणून त्यांनी पिशवी भरून दिली ते वेगळंच. आन् सगळी येऊन पडायची माझ्या खोलीत, कारण पुढं ज्ञानू रातपाळी करून दिवसा झोपलेला आन् मागं गॅस. दिवाणाखाली खेळणी, कपाटावर खेळणी, उशीच्या अभ्र्यात एकदा अख्खी आगगाडी सापडली. मी म्हणायचे, अरे मला पाय ठेवायला तरी एक फरशी मोकळी द्या. शाळेतून, मावशीकडून आले की तिघं हिथंच, जेवायला हाक मारेपर्यंत, आन् जेवून पुन्हा हिथंच, शंभू आन् वेदांत तर झोपायला पण माझ्याच अंगावर. मी कंपनीतून दिवसभर मोजून यायचे, डोळे दुखायचे, म्हणायचे देवा, एक तास कुणी हात लावू नका मला. असं म्हणायचे मी, माझ्याच तोंडानं.

मंग पडले. कपड्यांची बादली घेऊन चालले होते, पायाखाली चाकाची गाडी आली आन् मी सरळ उंबऱ्यावर. मनगट मोडलं, तीन आठवडे प्लास्टर. सुनंदा म्हणली, आक्का, आता बास, हा पसारा कमी करायलाच पाह्यजे, मी तर सगळं पोत्यात भरून टाकते. मी म्हणले, असं न्हाई टाकायचं, आधी मोजू. ती म्हणली, मोजा बाई, तुमचा हात मोडला तरी मोजायची सवय न्हाई मोडली.

एका रविवारी बसलो. सईला रजिस्टर दिलं, कंपनीसारखेच तीन खाने पाडून दिले. पह्यल्यांदा वाद झाला ठोकळ्यांचा, वेदांत म्हणे एकेक ठोकळा वेगळा मोज, म्हंजे त्याचा आकडा वाढला असता. मी म्हणले, एक डबा म्हंजे एक लॉट, कंपनीत पण असंच असतं. तो म्हणला, तुझी कंपनी वाईट हाये. एकंदर भरली चारशे बारा. खेळणी न्हाई असे तेवीस नग निघाले त्याच्यात, ते ह्यात धरले न्हाईत: माझ्या चष्म्याची काडी, ज्ञानूचा पेचकस, आन् कुकरची शिट्टी, जिच्यापायी सुनंदानं दोन महिने मोलकरणीवर संशय घेतला होता. शिट्टी पाहून ती सरळ चहा ठेवायला उठली.

चारशे बारातली मोडकी एकशे अठरा. ती भंगारात. राह्यली दोनशे चौऱ्याण्णव. आता ह्यातली ठेवायची कोणती? लेकरांना विचारलं तर सगळी पाह्यजेत, सुनंदाला विचारलं तर एकही नको. मंग मी म्हणले, उगवण तपासू. सगळी खेळणी चारी भिंतींच्या कडेनं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली, प्रत्येकाची जागा ठरवली, आन् लेकरांना सांगितलं, खेळायचं असेल ते बिनधास्त उचला, खेळून झालं की ह्या टोपल्यात टाका, जागेवर ठेवायचं न्हाई. रोज संध्याकाळी टोपलं मोजायचं, रजिस्टरमधी लिहायचं, पुन्हा जागेवर. सात दिवस. सात दिवसांत जे एकदाही जागचं हललं न्हाई ते मेलेलं.

सई म्हणली, आत्या, तिसऱ्या खान्यात काय लिहू? तिला मी बियाचं सांगितलेलं होतं ना. मी म्हणले, तो रिकामा राहू दे, खेळण्यात कडक नसतं.

काय सांगू तुम्हाला, ते सात दिवस! तिघं दारातच उभी राह्यची माझी वाट पाहत, आत्या आली, आत्या आली, चल मोजू. शंभूला आकडे येत न्हाईत पण तो प्रत्येक खेळण्यावर हात ठेवून नुसता म्हणायचा एक, एक, एक. मला आबाचा हात आठवायचा. ज्ञानू रातपाळीहून येऊन झोपायला निघाला की सुनंदा म्हणायची, ह्यांना पण वर्तमानपत्रावर ठेवा आक्का, सात दिवसांत जागचे हलले न्हाई तर पोत्यात. आन् ज्ञानू पांघरुणातून म्हणायचा, सई, बाप उगवला म्हणून लिही गं. खोली तर अशी भरलेली की मला दिवाणावर जायला उडी मारावी लागायची, मोडक्या हातानं, पण मी त्या सात दिवसांत एकदाही म्हणले न्हाई की मला मोकळी फरशी द्या.

सात दिवसांनी हललेली निघाली सत्त्याण्णव. न हललेली एकशे सत्त्याण्णव, ती दोन पोत्यात भरली, ज्ञानूनं एसटीत टाकून पिंपळगावच्या अंगणवाडीत नेऊन दिली. सत्त्याण्णव खेळण्यांचे मी तीन डबे केले, झाकणाचे, वर नावं. सईची एकतीस, वेदांतची चाळीस, शंभूची सव्वीस. नियम लावला, नवं एक आलं तर जुनं एक जाणार. दर रविवारी सईनं मोजायचं. सुनंदानं डबे पाह्यले, झाकणं लावून पाह्यली, आन् तिला इतका आनंद झाला, म्हणली आक्का, असे असतील तर आमच्या पलंगाखालीच बसतात की, आन् ज्ञानूची पण आता दिवसपाळी लागली हाये, तुमची खोली कायमची मोकळी. तिनं माझ्यासाठीच केलं हो. तीन डबे, तीन फेऱ्या, पाच मिनिटांत गेले पुढच्या खोलीत.

आता इतकी वर्षं मी पसारा पसारा करत होते, आन् मला एवढं कळलं न्हाई की लेकरं पसाऱ्याच्या मागं येत होती. चूक माझी, दुसऱ्या कुणाची न्हाई. मी त्यांना खेळणी डब्यात भरायला शिकवलं, आन् डबा उचलून कुठंही नेता येतो.

पह्यल्या दिवशी संध्याकाळी मी आले, हातपाय धुतले, फरशीवर बसले. सगळी फरशी दिसत होती, बावीस फरश्या हायेत ह्या खोलीत, मला म्हाईत नव्हतं. पुढून त्यांचा आवाज येत होता. म्हणलं येतील. जेवून पण पुढंच गेले. शंभू तिथंच झोपला. मी एकदा पुढं जाऊन बसले, तर सुनंदा म्हणली बसा ना आक्का, आन् पलंगावर जागा केली, पण ती बोलत होती ज्ञानूसंगं पगाराचं, शाळेचं, मी बसले म्हणून दोघं थांबले, आन् नवरा-बायकोत किती येळ बसणार तुम्ही? उठले.

मला मोजायची सवय. मी मोजायला लागले, खोलीत कोण किती येळा येतं. रस्ता हाये तर जाणं-येणं दिवसातून पन्नास येळा, ते मी धरत न्हाई, थांबणं धरते. सोमवार शून्य. मंगळवार एक, सुनंदा इस्त्री न्यायला. बुधवार शून्य. गुरुवार एक, शंभू, पण तो सैपाकघरात चालला होता आन् पडला, म्हणून थांबला. तो आठवडा दोन. वेदांत जाता जाता म्हणायचा, आत्या, बरी हायेस का, आन् पुढं. मी बरी हाये म्हणेपर्यंत पडदा हलायचा पण बंद झालेला.

आता मी जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं न्हाई. तुम्ही लिहून घेऊन राह्यले, घ्या. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी, लेकरांच्या शाळेची घाई चालली होती, कुणाचा मोजा सापडत न्हाई, कुणाचा डबा भरायचा, तशात मी पुढच्या खोलीत गेले, शंभूच्या डब्यातून त्याचं हिरवं ट्रॅक्टर काढलं, पदराखाली घेतलं, आन् हिथं ह्या गोधड्यांच्या घडीमागं ठेवलं. मी, बरं का. एक बी इकडचं तिकडं न करणारी. कंपनीत गेले तर त्या दिवशी एक कागद दोनदा मोजावा लागला.

संध्याकाळी शंभू रडत आला, आत्या, माझं टॅक्टर. मी म्हणले, अरे अरे, चल शोधू. दोघांनी दिवाणाखाली पाह्यलं, कपाटावर पाह्यलं, मी त्याला उचलून घेतलं, त्यानं माझ्या डोक्यावरून वाकून पाह्यलं, अर्धा तास शोधलं. मंग मी म्हणले गोधड्यांमागं पाह्य बरं. सापडलं! असा हसला की काय सांगू तुम्हाला, आन् माझ्या मांडीवर बसून तिथंच चालवत राह्यला, माझ्या गुडघ्यावरून खाली, खालून वर. मंग हाक आली, गेला.

असं मी अकरा येळा केलं. ट्रॅक्टर सहा येळा, वेदांतची बस चार येळा, सईची एकदा बाहुलीची कंगव्याची पेटी. आकडे पक्के हायेत.

बाराव्या येळेला रविवार आडवा आला. मी शनिवारी ट्रॅक्टर आणलं आन् शंभू नेमका मामाकडं गेला, शोधायला कुणी आलंच न्हाई. रविवारी सकाळी मी हिथं लसूण सोलत बसले होते, आन् पुढून सईचा मोजण्याचा आवाज येत होता. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. मंग शांत. माझा लसूण हातातच राह्यला. पुन्हा पह्यल्यापासून मोजायला लागली, आरडली न्हाई, आबाचा नियम मीच तिला शिकवला होता. पुन्हा शहाण्णव. मंग पडदा बाजूला करून हिथं आली. दारात उभी राह्यली. तिनं दिवाणाखाली न्हाई पाह्यलं, कपाटावर न्हाई पाह्यलं, सरळ गोधड्यांकडं पाह्यलं, त्यांची घडी एका बाजूनं पुढं आलेली होती. मंग माझ्याकडं पाह्यलं. मी पन्नास वर्षांची बाई, मान खाली घालून पुन्हा लसूण सोलायला लागले. नऊ वर्षांच्या पोरीनं मला पकडलं होतं, आन् माझ्याच रजिस्टरनं.

सैपाकघरातून सुनंदा ओरडली, सई, बराबर हाये का गं सगळं?

सई म्हणली, बराबर हाये मम्मी. सत्त्याण्णव. आन् गेली.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. मला वाटलं पोरीनं खोटा आकडा लिहिला माझ्यापायी, आन् हे मला सहन होणार नव्हतं, चोरी माझी, खोटं तिच्या हातून. तर तसं नव्हतं. पह्यल्या खान्यात शहाण्णव. दुसरा रिकामा. आन् तिसऱ्या खान्यात, जो मी रिकामा ठेव म्हणले होते, त्याच्यात पेन्सिलीनं: आत्याकडे, एक. खाली बेरीज सत्त्याण्णव. हिशेब जुळत होता, त्यात कुठंच खोट नव्हती.

मी त्याच दिवशी ट्रॅक्टर डब्यात नेऊन ठेवलं आन् पुन्हा हात लावला न्हाई. सईला काही बोलले न्हाई, ती पण न्हाई. पुढच्या रविवारी रजिस्टर पाह्यलं, म्हणलं आता पह्यल्या खान्यात सत्त्याण्णव असणार. तर पुन्हा शहाण्णव, आन् तिसऱ्यात एक, आत्याकडे. मी म्हणलं ही पोरगी आता माझ्यावर आळ घेऊन राह्यली का काय. गोधड्यांमागं हात घातला तर तिची कंगव्याची पेटी. मी ठेवलेली न्हाई. तिनं. आन् संध्याकाळी ती शोधायला आली, आत्या, माझी पेटी पाह्यली का, अगदी खऱ्यासारखं, आन् मी म्हणले चल शोधू, आन् दोघींनी आधी दिवाणाखाली पाह्यलं, मंग कपाटावर, बराच येळ लावून.

असं सहा रविवार चाललं. मी पुढचं पण सांगते, न्हाई तर तुमचं लिहिणं अर्धवट राहील. सातव्या रविवारी तिसरा खाना रिकामा होता. आठव्याला पण. सईला आता क्लास लागला हाये, स्कॉलरशिपचा, रविवारी पण जाती, खेळणी आता वेदांत मोजतो आन् तो पंधरापासून सरळ सतरावर जातो. त्याचे आकडे मी मनातल्या मनात दुरुस्त करते. सई जाता-येता मला हसती. लेकरू मोठं होणार, मोठं होऊन राह्यलं तर त्याचं वाईट काय वाटून घ्यायचं. गेल्या आठवड्यात थांबणं किती झालं ते विचारू नका, आज तुम्ही आले म्हणून ह्या आठवड्याचं एक तरी धरते.

नोकरीची आठ वर्षं राह्यली हायेत. मंग दिवसभर पण हिथंच. खोली चांगली हाये, मोकळी हाये, वारा येतो. लेकरं जिथं खेळतील तिथं सुखात खेळोत, त्यांची एक वस्तू कमी न पडो. गोधड्यांच्या घड्या मात्र मी आता भिंतीला लावून ठेवत न्हाई, मागं वीतभर जागा सोडते.